रांगेतली पहिली बाटली

१

माळखेड्याच्या सरकारी दवाखान्यात माणूस मरणं ही काही बातमी नव्हती. या खेपेला कंपाउंडर मेला होता, म्हणून मला बोलावणं आलं.

एकसष्ट सालचा पौष महिना. मी तेव्हा दारव्ह्याला फौजदार होतो. लोक तोंडावर सदाशिवराव म्हणत आणि पाठीमागं चिडका बिब्बा. चिडायला कारण होतं. माझ्या पोटात व्रण होता आणि सहा महिने मी याच दवाखान्याचं मिक्श्चर पीत होतो. डोकं दुखलं तरी ते लाल, पोट दुखलं तरी लाल. पूर्वी आमचे औषधांचे अर्ज नागपुरात हरवायचे, राज्य बदलल्यापासून मुंबईत हरवू लागले, एवढीच काय ती प्रगती.

जीप गावात शिरली तेव्हा दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाला एक माणूस बांधलेला होता आणि पाचपन्नास लोक त्याला बडवत होते. काठ्या, जोडे, बैलाचं जू, ज्याच्या हाताला जे लागलं ते. माणसाचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि फेट्याचं कापड रक्तानं चेहऱ्याला चिकटलं होतं. मी हवेत एक बार काढला. तरी एकानं जाता जाता जोडा हाणलाच.

"यानंच मारलं, फौजदारसाहेब," गावचे मोठे कास्तकार पुंडलिकराव पुढं आले. अंगावर शाल, मिशीला तेल. "बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा भीमसिंग. परवा भर दवाखान्यात रामराव कंपाउंडरचा गळा धरला होता यानं. आन आज पाहा, धोतर रक्तानं भरलं आहे."

कडुनिंबाच्या पलीकडं एक बैलगाडी सोडलेली होती. गाडीत गोधडीखाली आठनऊ वर्षांची मुलगी पडली होती. तिचा श्वास मला दहा पावलांवरून ऐकू येत होता. शेजारी बसलेली बाई नवऱ्याकडं पाहत नव्हती, लेकीच्या छातीकडं पाहत होती. वर-खाली, वर-खाली.

"न्यूमोनिया आहे," माझ्यामागून आवाज आला. दवाखान्याची नर्स, इंदूबाई. चाळिशीची, हिरवं लुगडं नेसलेली विधवा. "जमनी नाव. चार दिवस झाले सुया देऊन राह्यली मी, ताप उतरत नाही. उघड्या जीपमध्ये यवतमाळले नेली तर रस्त्यातच जाईन. आज-उद्या खरी पेनिसिलिन अंगात गेली नाही तर इथंच जाईन."

मी डॉक्टर कुठं म्हणून विचारलं. ते दर मंगळवारी येत; परवा पोरीला पाहून, सुया चालू ठेवा म्हणून सांगून गेले होते. आज गुरुवार होता.

२

रामराव सुई देण्याच्या खोलीत उताणा पडला होता. गळ्यात दोन भोकं होती, एकमेकांना चिकटून, खोल. वार समोरून झाला होता. रक्ताची चिळकांडी भिंतीवरच्या देवीच्या लशीच्या तक्त्यापर्यंत उडाली होती, आणि उरलेलं वाहत वाहत पुढच्या दाराच्या फटीतून ओसरीवर गेलं होतं. दाराला आतून कडी होती. मागचं दार, जे नर्सच्या खोलीकडं आणि गल्लीत उघडतं, नुसतं लोटलेलं होतं.

मी हत्यार शोधलं. टेबलावर डिंकाची बाटली होती, डोसाच्या पट्ट्यांसाठी कापलेले कागद होते आणि वर भिंतीला एक रिकामा खिळा. कोपऱ्यात स्टोव्ह होता. त्यावरचं सुया उकळायचं भांडं पार कोरडं पडून तळाशी पांढरा खार साचला होता. आत सिरिंज, सुया, चिमटा, कात्री. दवाखान्यात असावं ते सगळं होतं, फक्त खुनाचं हत्यार नव्हतं. बरोबरच्या जमादाराला मी विहीर उपसायला लावली.

मग ओसरीवर आलो. इथं माळखेड्याची एक रीत सांगायला हवी. दवाखान्यात औषध फुकट, पण बाटली आपली. लांबून आलेला माणूस दिवसभर कुठं उभा राहील? म्हणून लोक ओसरीच्या कडेनं बाटल्या लावून ठेवत. बाटली उभी म्हणजे माणूस उभा. रांगेतली बाटली दुसऱ्यानं हलवायची नाही, मग भाऊ भावाच्या जिवावर उठलेला का असेना. जमिनीची हद्द सरकवणारे लोक होते त्या गावात, पण बाटली सरकवणारा एक नव्हता.

अकरा बाटल्या होत्या. रक्त त्यांच्यामधून वाहून काळं पडलं होतं. पहिली बाटली गळ्याला कवडी बांधलेली, म्हणजे तांड्यावरची, भीमसिंगाची. मी ती उचलून पाहिली. खालची फरशी गोल, कोरी होती. म्हणजे रक्त वाहिलं त्याआधीपासून ती तिथं होती. सगळ्या एकेक करून उचलल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. सगळ्यांखाली गोल कोरी जागा.

तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीच्या मध्ये मात्र बाटलीच नव्हती. रक्तात एक कोरी जागा तेवढी होती, आणि ती चौकोनी होती.

३

भीमसिंगाला सोडवून गाडीपाशी बसवलं होतं. इंदूबाई त्याच्या जखमा धूत होती. हात हलका होता बाईचा, पण ती त्याच्या तोंडाकडं पाहत नव्हती.

"रामरावचा गळा धरला होतास?" मी विचारलं.

"धरला होता, सायेब." ओठ फाटला होता, शब्द गळत होते. "चौथ्या रोजी मले म्हणे, तुमच्या लोकायच्या अंगाले दवाई लागतच नाही, जंगलची पाला-मुळी द्या पोट्टीले. मंग मी नाही राह्यलो भानावर."

"काल संध्याकाळपासून कुठं होता?"

"बैलाले नाल्यावर पानी पाजाले गेलतो. बाजाराचा दिवस, गावात गर्दी. अंधार पडल्यावर वापस आलो, तं दार बंद. गाडीखाली झोपलो. सकाळी म्हटलं दार उघडलं का पाहू, तं ओसरीवर पाय घसरला आन गुडघ्यावर पडलो. उठून पाह्यतो तं रगत."

मी त्याचं धोतर पाहिलं. गुडघे भरले होते, तळवे भरले होते. बंडीवर त्याच्या स्वतःच्या नाकातोंडातून गळलेले थेंब तेवढे होते. समोरून गळा फोडणाऱ्याची छाती न्हाऊन निघाली असती. आणि खून करून आलेला माणूस रात्रभर त्याच दारासमोर झोपत नाही, तेही रांगेत पहिली बाटली ठेवून. ती बाटली म्हणजे त्याला अजून त्याच दवाखान्याची आशा होती. गावातल्या शहाण्यांना हे दिसलं नाही. त्यांना फेटा तेवढा दिसला.

त्याची बायको लालीबाई लेकीजवळच बसून होती. मी तिला विचारलं, तू तर काल इथंच होतीस, काही ओरडणं ऐकलं?

"बाजाराचा गलबला होता, सायेब. वरडनं नाही आयकलं." ती लेकीच्या कपाळावरचा फडका बदलत म्हणाली, "इस्टो आयकला. दिवे लागल्यावर मोठ्यानं वाजून राह्यला होता. म्हटलं, सुया उकळून राह्यले, आता माह्या जमनीले बोलावतीन. मी पोरीचे केससुद्धा इचरले. लय येळ वाजला इस्टो. मंग बंद झाला. कोनी बोलावलंच नाही."

इंदूबाईच्या हातातलं पाण्याचं भांडं कलंडलं. तिनं ते पुन्हा भरून आणलं.

मी भीमसिंगाला विचारलं, गावात चौकोनी बाटली कुणाकडं आहे. तो सुजलेल्या तोंडानं हसला. हसताना त्याला दुखलं असणार.

"एकच हाय, सायेब. इलायती दारूची, बापजाद्याची. पुंडलिकरावायची."

४

पुंडलिकरावांनी मला चहा दिला. मी कप हातात घेऊन विचारलं, "काल दवाखान्यात कायले गेलते?"

"मी? मी तं मंगळवारपासून तिकडं फिरकलो नाही."

"मंग तुमची बाटली रक्तात काहून उभी होती? चौकोनी जागा राह्यली आहे फरशीवर. सकाळी गर्दीत तुम्ही बाटली उचलली, पण रक्ताखालची कोरी जागा कशी उचलणार?"

माणूस काही क्षण शालीची गाठ सोडत-बांधत राहिला. मग पोपटासारखा बोलू लागला. काल दिवेलागणीच्या आधी तो दवाखान्यात गेला होता. लोकांनी नाव ठेवू नये म्हणून पुढं रांगेत बाटली लावली आणि मागच्या दारानं आत गेला. रामरावनं त्याला एक खोकं दिलं. ते शालीत लपवून तो मागच्या मागं सटकला, आणि बाटली विसरला.

"मी निघालो तवा रामराव जिता होता, देवाशपथ. मागच्या दारात उभा राहून मले नमस्कार केला त्यानं. आत नर्सबाईची भांडी वाजून राह्यली होती."

"खोकं दाखवा."

कपाटातून खोकं निघालं. पेनिसिलिनच्या दहा शिश्या, सरकारी शिक्क्याच्या.

"घरात कोन बिमार आहे?"

"कोनी नाही. असावं म्हटलं घरात. येळ काय सांगून येते?"

मी कप खाली ठेवला आणि त्याच्या कानशिलात अशी वाजवली की शाल एकीकडं आणि तो एकीकडं पडला. ओठ फुटला. नोकरीत असं करू नये हे मला ठाऊक होतं, आणि आजही मला त्याचा पस्तावा नाही. दवाखान्यासमोर एक पोर श्वासासाठी झगडत होती, आणि तिचं औषध याच्या कपाटात लोणच्याच्या बरणीशेजारी पडून होतं. तिच्या बापाला फासावर द्या म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाराही हाच.

खोकं घेऊन मी दवाखान्यात परतलो आणि औषधांचं कपाट उघडलं. तिथंही तशाच सहा शिश्या होत्या, तेच नाव, तोच शिक्का. मग रामरावनं हे दहाचं खोकं विकलं, तरी जमनीला चार दिवस सुया कशा मिळत होत्या? आणि मिळत होत्या तर ताप का उतरत नव्हता?

मी कपाटातली एक शिशी उजेडात धरली. पत्र्याच्या टोपीवर नख लावलं, तर टोपी अलगद निघाली. आतल्या कडेला वाळलेला डिंक होता. खालच्या रबराच्या बुचाला आधीच एक सुईचं भोक होतं. बूच काढून भुकटी जिभेवर घेतली.

गोड लागली.

पुंडलिकरावाच्या खोक्यातली एक शिशी अशीच फोडली. तिची टोपी कात्रीनं उचकटावी लागली, आणि आतली भुकटी औषधासारखी कडू लागली.

कात्रीसाठी मी त्या कोरड्या भांड्यात हात घातला होता. आता हातातल्या कात्रीकडं पाहिलं आणि तिथंच स्टुलावर बसलो.

५

इंदूबाईला मी आत बोलावलं. रामरावला तोवर बाहेर काढून चादर घातली होती.

"बाई, भीमसिंगानं खून केला असता तर हत्यार कुठं टाकलं असतं?"

"नाल्यात," ती म्हणाली.

"आन पुंडलिकरावानं?"

"विहिरीत."

"हत्यार उकळलं कोनी असतं?"

मी कात्री तिच्यासमोर धरली. लांब पात्यांची, मुठीला सुतळीचा फास बांधलेली. त्या रिकाम्या खिळ्याला अडकवायचा फास.

"ही कागदाच्या पट्ट्या कापायची कात्री. कागद कापायची कात्री कोनी उकळत नाही. सुतळीसकट तं नाहीच नाही. पण ज्याच्या हाताले वीस वर्षांची सवय आहे, रक्त लागलेलं अवजार धुवाचं, भांड्यात टाकायचं, स्टोव्ह पेटवायचा, त्याचे हात डोक्याले विचारत नाहीत. लालीबाईनं स्टोव्ह ऐकला. आन सरकारी कामावर रोज पांढरं नेसणारी बाई आज हिरव्या लुगड्यात काहून, हे मी सकाळीच विचारायले पाहिजे होतं."

"धुतलं आहे," इंदूबाई सावकाश म्हणाली. "निघाले नाही डाग."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"टोपी काढून शिशी नेहमी रामरावच द्यायचा मले. वापरली की वापस मागायचा. म्हणे, वर दाखवा लागते. काल तो मागच्या दारात पुंडलिकरावाशी बोलत होता, म्हणून मीच कपाटातून घेतली. टोपी नखानं निघाली. भोक दिसलं. चाखून पाह्यलं, तं ग्लुकोज. माह्याच रिकाम्या शिश्या भरून तो डिंकानं टोप्या चिकटवत होता. सायेब, दिवाळीत माही पोरगी गेली. अकरा वर्षांची. हाच आजार. दहा दिवस मीच तिले सुया देल्या. ती म्हणे, आई दुखते. मी म्हणो, एवढी सोसून घे, बरी होशीन. या हातानं मी माह्या लेकीले साखरेचं पानी टोचलं."

मी कात्री टेबलावर ठेवली.

"मी त्याले विचारलं, माह्या पोरीच्या येळीसुद्धा असंच केलं का रे? तो हसला नाही, चिडला नाही. पट्टी कापत होता. म्हणे, बाई, ह्या दवाखान्यात फुकट येते त्याच्यासाठी वरून जेवढं येते तेवढ्यात असंच चालवा लागते, आता दोन महिन्यांनी कायले उकरता? आन कात्री टेबलावर ठेवून तो डिंक घ्याले वळला. परत तोंड केलं तवा कात्री माह्या हातात होती. दोनदा मारली. का एकदाच, ते आठवत नाही."

"सकाळी ते लोक भीमसिंगाले मारत होते, तवा?"

"दारात उभी होती मी. ह्या पोरीले सुई कोन देईन, असा विचार करून गप्प राह्यली." मग तिनं मान हलवली. "नाही, सायेब. खोटं बोलली. भ्याली मी."

मी पुंडलिकरावाच्या खोक्यातल्या उरलेल्या नऊ शिश्या तिच्यासमोर ठेवल्या. तिनं एकेक उचलून टोपी दाबून पाहिली. मग उठली, भांड्यात पाणी घातलं आणि स्टोव्हला पंप मारू लागली.

"आधी सुई देऊ द्या," ती म्हणाली. "मंग बेड्या घाला."

६

दुसरी नर्स मागवायची तर डॉक्टरांची सही लागत होती, आणि डॉक्टर मंगळवारी येणार होते. तेव्हा सुई देणारे हात माळखेड्यात दोनच होते. पण ते कुणाचे आहेत हे न सांगता मी ती सुई त्या पोरीला टोचू देणार नव्हतो. गाडीपाशी जाऊन मी लालीबाईला आणि भीमसिंगाला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

लालीबाई उठून गाडीच्या आडवी उभी राहिली. इंदूबाई चार पावलांवर थांबली, हातात सिरिंज वर धरलेली. लालीबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या फुटलेल्या डोळ्याकडं. तो डोळा पुढं कायमचा गेला.

"हिनं तोंड उघडलं असतं तं तुमचा डोळा राह्यला असता," ती भीमसिंगाला म्हणाली.

"हो."

"चार दिवस खोट्या सुया हिनंच टोचल्या."

"तिले ठाऊक नव्हतं," भीमसिंग म्हणाला. बोलायला त्याला वेळ लागत होता. "दे वं बाई सुई. माहा मार खाऊन झाला, आता तो वाया कायले जाऊ देता?"

लालीबाई बाजूला झाली. इंदूबाईनं गोधडी सारली. सुई टोचली. जमनीनं "याडी" म्हणून आईला हाक मारली आणि रडली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिच्यात रडण्याएवढी ताकद आली, असं आपलं मला वाटलं.

मी इंदूबाईला त्या दिवशी दारव्ह्याला नेलं नाही. मागच्या खोलीत पहाऱ्यात ठेवलं आणि वर कळवलं की तपास चालू आहे. पुढं त्याबद्दल मला ठपका आला, बढती गेली. शुक्रवारी दुसरी सुई झाली. शनिवारी ताप तसाच. रविवारी सकाळी पोरीला घाम फुटला, आणि लालीबाई गाडीच्या चाकाला डोकं टेकून मोठ्यानं रडली. सोमवारी जमनीनं भाकर मागितली.

मंगळवारी डॉक्टर आले. मी त्यांच्या हाती उरलेल्या चार शिश्या दिल्या, मोजून नव्हे, चाखून घ्या म्हटलं. इंदूबाईनं स्टोव्ह पुसून ठेवला, भांडं पालथं घातलं आणि माझ्यासमोर हात केले. पुंडलिकराव जीपमध्ये आधीच बसला होता, सरकारी औषधाच्या चोरीत. बाई त्याच्यापासून लांब, टोकाला बसली.

भीमसिंग बैल जुंपत होता. निघताना त्याला काही आठवलं, आणि तो ओसरीवर गेला. बाटल्या सहा दिवस तिथंच होत्या. झाडणाऱ्यानं भोवतालून पाणी ओतलं होतं, पण बाटली कुणी हलवली नव्हती, आणि फरशी काळीच राहिली होती. काळ्या डागात त्यानं कवडीची बाटली उचलली. खाली गोल, पांढरी जागा होती.

रांगेतल्या दुसऱ्या बाटलीचा म्हातारा वाटच पाहत होता. त्यानं आपली बाटली पुढं सरकवली आणि त्या जागेवर ठेवली.